भूषण खोब्रागडेचं बोट

माणसं भिलाईत अडकतात ती प्लँटच्या नोकरीनं, सेक्टरातल्या क्वार्टरनं, नाहीतर म्हाताऱ्या आईबापांच्या गुडघ्यांनी. भूषण खोब्रागडे अडकला तो उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं. बोट दिसायला साधंच होतं. नखाखाली ग्रीस, पेराजवळ सायकलच्या चेनमध्ये सापडल्याची जुनी खूण. पण त्या बोटाची कीर्ती नंदिनी रोडपासून पार रायपूरपर्यंत गेली होती, आणि ते बोट घेऊन खुद्द भूषणला मात्र नागपूरला जाता येत नव्हतं.

नागपूरला त्याची बायको होती. सीमा तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स, पक्की नोकरी, दोन वर्षांपूर्वी लागलेली. नोकरी महाराष्ट्र सरकारची आणि भिलाई छत्तीसगडात, त्यामुळे बदली वगैरे गोष्ट बोलायचीच नाही. लहानगी आम्रपाली आईजवळ. भूषण इकडे सेक्टर दोनमध्ये आपल्या आईजवळ, पंचफुलाबाईजवळ. सकाळच्या गाडीत बसलं की जेवायच्या वेळेला नागपूर येतं, काही विलायत नाही. पण जायला रविवार लागतो, आणि भूषणचा रविवार भय्याजींच्या मालकीचा होता.

भय्याजी वैरागडे म्हणजे त्याचे मालक. नंदिनी रोडवर त्यांचं वर्कशॉप. प्लँटसाठी लोखंडी गर्डर, खांब, सांगाडे बनायचे. छताशी रुळांवर धावणारी क्रेन होती आणि ती भूषण चालवायचा, खाली उभा राहून, गळ्यात अडकवलेल्या रिमोटनं. हुकाला लटकलेला माल झुलायला लागला की नवखा माणूस घाबरून क्रेन थांबवतो, मग माल आणखीच झुलतो. भूषण मालाच्या मागोमाग क्रेन जराशी पळू द्यायचा आणि झोका जागच्या जागी मरायचा. इतकं शांतपणे, की खाली वेल्डिंग करणारा मान वर करायचा नाही.

भय्याजींचा मुलगा विक्की. वय चोवीस, धंदा शोधणं चालू. तीन वर्षांपूर्वी त्यानं रिमोटवर पळणारी रेसची गाडी आणली, बॅटरीवरची, हातभर लांब, उंच टायरांची. हे खेळणं नव्हे असं तो ज्याला त्याला सांगायचा, आणि गाडीचा वेग पाहिला की ऐकणाऱ्याला ते पटायचंही. वर्कशॉपमागच्या मोकळ्या प्लॉटवर भय्याजींनी मुरूम टाकून ट्रॅक करून दिला. वळणांवर प्लास्टिकचे पाइप, मध्ये उडीसाठी दोन उंचवटे. पहिल्याच दिवशी विक्कीनं गाडी सुसाट सोडली ती थेट पाण्याच्या टाकीवर. दुसऱ्यांदा पाइपवर. तिसऱ्यांदा कंपाउंडबाहेर, चुनखडीच्या ट्रकखाली जाता जाता वाचली. भूषण तिथं डबा खात बसला होता. विक्कीनं वैतागून रिमोट त्याच्या हातात दिला, "घ्या भाऊ, तुमीच चालवा, मले हे नाई जमत."

भूषणनं डबा बाजूला ठेवला, हात पँटला पुसले आणि पाइपला न शिवता पूर्ण फेरी मारली.

तेवढीच चूक. आयुष्यात माणसानं पहिल्या दिवशी कोणतंही काम चांगलं करू नये, असं पंचफुलाबाई म्हणायची. तिनं लग्नानंतर पहिल्याच दिवशी चांगल्या पोळ्या केल्या होत्या.

तेव्हापासून दर रविवारी ट्रॅक. कधी इथं, कधी रायपूरच्या एका टाइल्सवाल्या शेठच्या फार्महाऊसवर. शेठ आणि भय्याजी एकेकाळचे दोस्त, आता एकमेकांना फक्त हरवायला भेटणारे. शेठचा मुलगा स्वतः गाडी चालवायचा. भय्याजींकडून चालवायचा भूषण, आणि जिंकला की कप विक्कीच्या हातात जायचा. फोटोत भूषण असायचा, काठावर, गाडीची बॅटरी काढताना वाकलेला.

"लोकायचे नवरे बाईच्या नादानं घरी येत नाई," सीमा फोनवर म्हणायची. "माहा नवरा खेळन्याच्या गाडीच्या नादानं. आईले सांगू तं कोनत्या तोंडानं सांगू?"

"खेळनं नाई ते."

"मंग का हाय?"

तेवढ्यात मागून आम्रपाली ओरडायची, "पप्पा, जिंकले का?" जिंकले म्हटलं की ती टाळ्या वाजवायची. तिच्या बालवाडीत तिनं सांगून ठेवलं होतं की माझे पप्पा भिलाईला गाडी खेळायच्या नोकरीवर आहेत.

दसऱ्याच्या सुमारास नागपूरजवळच्या बुटीबोरीहून निरोप आला. ढोमणे नावाच्या माणसाचं तिथं असंच वर्कशॉप होतं, क्रेनवर माणूस हवा होता, नागपूरला घरी राहून रोज येणं-जाणं चालेल. भूषणनं फोन केला. ढोमणे सगळं ऐकून म्हणाले, "पन भय्याजींचा हो पायजे. आमचा एकमेकांत माल चालते. त्यायचा मानूस त्यायले न विचारता घेतला तं उद्या मी तोंड कसं दाखवू?"

म्हणजे दार होतं, कडी होती, आणि कडी भय्याजींच्या बाजूनं होती.

भूषणनं हिंमत करून विषय काढला. भय्याजी वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर सोडून जाणं सोपं होतं. भूषणचे वडील गेले तेव्हा सगळ्यात आधी तेच आले होते आणि शेवटपर्यंत थांबले होते.

"जा ना बे," भय्याजी म्हणाले. "बायकोपोरीजवळ जायाले कोन अडवते? मी का राक्षस हाओ? पन मले सांग, गाडी कोन चालवन?"

"विक्की."

भय्याजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "ठीक हाय. दिवाळीनंतर आपल्या ट्रॅकवर रेस हाय. शेठ येऊन राहिला त्याच्या सात पिढ्या घेऊन. विक्कीनं गाडी पयल्या तिघांत आनली, एकट्यानं, तू हात नाई लावाचा, तोंड बी नाई उघडाचं, तं मी स्वतः ढोमनेले फोन लावतो."

भूषणनं त्याच दिवशी विक्कीला ट्रॅकवर उभं केलं.

गाडीचा रिमोट पिस्तुलासारखा असतो. घोडा आत ओढला की गाडी पळते, घोडा बाहेर ढकलला की ब्रेक, आणि बाजूला एक छोटं चाक वळवायला. विक्कीच्या बोटाला दोनच जागा माहीत होत्या, पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर. भिलाईची पोरं स्कूटीही अशीच चालवतात. मोकळ्या रस्त्यावर कान पिळायचा, चौक आला की दोन्ही ब्रेक.

"हळू दाब," भूषण म्हणाला.

"हळू म्हंजे कितना, भाऊ?"

"जेवढं लागते तेवढं."

"अन् लागते कितना?"

भूषणला सांगता येईना. त्यानं ते बोटाला कधी विचारलंच नव्हतं. बोट बघून सांगतो म्हणून त्यानं रिमोट घेतला, फेरी मारताना नजर बोटावर ठेवली, आणि पहिल्याच वळणावर गाडी पाइपवर चढून उताणी पडली. विक्कीच्या चेहऱ्यावर तीन वर्षांत पहिल्यांदा निखळ आनंद दिसला.

"भाऊ, तुमाले बी नाई येत!"

शेवटी विक्कीनंच युक्ती काढली. भूषणनं गाडीकडे बघत चालवायचं आणि विक्कीनं मोबाइलवर नुसत्या बोटाचं शूटिंग करायचं. संध्याकाळी सेक्टर दोनमध्ये बसून दोघांनी ते शंभरदा पाहिलं. पंचफुलाबाईही चष्मा लावून पाहत होती. बोट एक क्षण स्थिर नव्हतं. पूर्ण आत ते फक्त लांब सरळ पट्ट्यावर जायचं, तेही टप्प्याटप्प्यानं. वळणाच्या बरंच आधी, गाडी अजून सरळ असतानाच, ते बाहेर जाऊन ब्रेकला नुसतं शिवून यायचं. चाकं वळायच्या आत ब्रेक सुटलेला असायचा. वळणाच्या पोटात थोडासा धागा धरल्यासारखा वेग, आणि गाडीचं तोंड सरळ होईल तसतसं बोट हळूहळू आणखी आत.

"तव्यावरची पोळी अशीच फिरवा लागते," पंचफुलाबाई म्हणाली. "दाबली का फाटली."

"काकू, मंग रेसमदी तुमीच चला," विक्की म्हणाला.

कारणही भूषणला त्याच संध्याकाळी शब्दांत सापडलं. ह्या गाडीची मोटर फक्त मागच्या चाकांना जोडलेली, म्हणून ब्रेकही फक्त मागच्याच चाकांना लागतो. वळता वळता ब्रेक मारला की मागची चाकं घसरतात आणि गाडी स्वतःभोवती गिरकी घेते. त्यात नंदिनीच्या खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची पांढरी धूळ दुपारपर्यंत ट्रॅकवर बसते, पिठासारखी. सकाळी जो ब्रेक चालतो तो दुपारी चालत नाही. तीन वर्षं हे सगळं त्याचं बोट करत होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

कळणं आणि जमणं ह्यात मात्र विक्की उभा होता. रिमोटमध्ये एक सोय असते, घोडा पूर्ण ओढला तरी गाडी अर्ध्याच वेगानं पळेल असं करता येतं. भूषणनं ते लावून दिलं. विक्कीला अपमान वाटला. पण आठवड्यात त्याच्या फेऱ्या आधीच्या पूर्ण वेगापेक्षा लवकर होऊ लागल्या, कारण तो पाइपवर जात नव्हता. तेव्हा कुठं त्याला पटलं की उताणी पडलेली गाडी सगळ्यात हळू असते.

तरीही ब्रेकवर लाथ मारायची सवय सुटेना. मग भूषणनं त्याला वर्कशॉपमध्ये नेलं आणि बादली काढली.

ही तिथली जुनी रीत. क्रेनवर नवीन माणूस आला की हुकाला पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली लावायची, आणि त्यानं ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायची. जेवढं पाणी सांडेल तेवढं त्यानंच पुसायचं. कितीही मोठ्या घरचा असो. विक्कीनं बटण दाबलं, बादलीनं मागं झोका घेतला. त्यानं घाबरून थांबवलं, बादली पुढं गेली आणि अर्धं पाणी फोरमनच्या चहात. त्या दिवशी वर्कशॉपमधल्या प्रत्येक माणसाला काहीतरी विचारायला क्रेनजवळून जावंसं वाटलं. मालकाचा मुलगा पोछा मारतोय, हे दृश्य पगारी सुट्टीपेक्षा कमी नव्हतं.

भय्याजी आले. "माह्या पोराच्या हाती पोछा?"

"रेससाठी, भय्याजी," भूषण म्हणाला.

भय्याजींनी पोराकडे पाहिलं, ओल्या फरशीकडे पाहिलं. "तिकडचं कोपऱ्यातलं राहिलं," म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

दिवाळी आली तेव्हा बादलीतून चूळ भरायला पुरेल एवढंच पाणी सांडत होतं. ट्रॅकवर भूषणनं वेगाची मर्यादा काढून टाकली तरी विक्कीचं बोट आता मधल्या सगळ्या जागांवर थांबून जात होतं. "भाऊ, एकदम मक्खन चल रही है," तो म्हणायचा, आणि खरंच चालत होती. भूषणला आनंद व्हायचा आणि लगेच त्या आनंदाची भीती वाटायची. पंचफुलाबाईनं माळ्यावरचे खोके उतरवून जुन्या साड्या भरायला घेतल्या. सीमानं घराजवळ आणखी एक खोली पाहून ठेवली, सासूबाईंसाठी.

"ठरलं तर सांगा हं, मी मालकाले थांबवून ठेवलं हाय," ती म्हणाली. पहिल्यांदाच गाडीला खेळणं न म्हणता तिनं विचारलं, "विक्की तयार हाय ना पन?"

रेसचा दिवस स्वच्छ उन्हाचा. शेठ खरोखर सात पिढ्या घेऊन आला होता. मांडव, भोंगा, समोसे. चालकांसाठी बांधलेल्या उंच माचावर सहा जण उभे राहिले, त्यात विक्की तिसरा. भय्याजींनी भूषणला आपल्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं, स्वतःच्या नजरेखाली. शब्द म्हणजे शब्द. हात नाही, तोंड नाही.

हॉर्न वाजला. पाच गाड्या सुटल्या त्या धुळीचा लोट उडवत, आणि विक्कीची जराशी मागून, सावकाश, पण सरळ. पहिल्या वळणावर तीन गाड्या एकमेकींवर चढल्या. विक्की बाजूनं निघून गेला. पुढच्या फेऱ्यांत शेठचा मुलगा पहिला, दुर्गचा एक डॉक्टर दुसरा, विक्की तिसरा, आणि त्याच्या शेपटाला त्या ढिगातून सुटून आलेली एक निळी गाडी.

ऊन चढलं तशी रस्त्यावरून ट्रकांची रांग गेली आणि पांढरं पीठ ट्रॅकवर येऊन बसलं. भूषणला दिसत होतं. आता ब्रेक आधी, आणखी आधी, नुसता शिवून. विक्कीला दिसत असेल का? ओरडून सांगावं तर सगळं मोडलं. निळी गाडी अगदी खेटली. उडीच्या पुढच्या वळणावर विक्की नेहमीसारखा आला आणि गाडीची मागची बाजू घसरू लागली. नागपूर, खोली, खोके, सगळं त्या घसरणाऱ्या दोन चाकांवर बसलं होतं.

विक्कीनं ब्रेक मारला नाही. गाडी ज्या बाजूला घसरत होती त्याच बाजूला त्यानं पुढची चाकं वळवली, बोटात वेगाचा धागा तसाच धरून ठेवला, आणि झोका मेला.

"बे भूषण," भय्याजी हळूच म्हणाले, "खुर्ची चालवून राहिला का?"

भूषणनं खाली पाहिलं. खुर्चीच्या हातावर त्याचं बोट आत-बाहेर होत होतं. त्यानं ते दुसऱ्या मुठीत धरलं आणि रेस संपेपर्यंत सोडलं नाही.

विक्की तिसरा आला.

भोंग्यावर नाव पुकारलं गेलं तेव्हा भय्याजींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते उठले, समोशाची प्लेट शेठच्याच हातात दिली, आणि दिलेला शब्द पाळायला सगळ्यांदेखत मोबाइल काढला. ढोमणेंना फोन लावला. स्पीकरवर, म्हणजे भूषणलाही ऐकू जावं.

"ढोमने साहेब! त्या पोराबद्दल बोलाचं होतं, भूषण. हो हो, सोडून राहिलो. शब्द देल्ला मी. अहो, आज काय झालं सांगतो. आमचा विक्की, ज्याले स्कूटीचा ब्रेक धड मारता येत नाई, त्यानं रेस काढली! कोनं शिकवलं? ह्यानं. महिनाभरात. माह्याच्यानं चोवीस वर्सांत नाई झालं. अन् क्रेनवर तं विचारूच नका. गर्डर उचलते तं खाली चहाच्या कपाले लहर येत नाई. खाडा नाई, पेनं नाई, उलटून बोलनं नाई. मागच्या उन्हाळ्यात हुकाचा पट्टा सरकला, दुसरा असता तं पळाला असता, ह्यानं माल अलगद खाली ठेवला, तीन मानसं वाचली..."

बोलता बोलता भय्याजींचा आवाज मंदावत गेला. ते भूषणकडे पाहू लागले, जसा एखादा माणूस आपली विकायला काढलेली गाय गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहतो.

"मंग कधी पाठवता?" फोनमधून ढोमणे म्हणाले.

भूषणला कळलं. भय्याजींना कळायच्या जरा आधीच कळलं.

"ढोमने साहेब," भय्याजी म्हणाले, "खरं सांगा. असा मानूस तुमी सोडला असता का?"

पलीकडे ढोमणे मोठ्यानं हसले. "नाई बा. नसता सोडला."

"मंग?"

आणि दोघे मालक हसले, मनापासून, दोन बाजूंनी. फोन बंद झाला.

"भय्याजी, तुमी शब्द देल्ला होता," भूषण म्हणाला.

"देल्ला होता ना रे. आईची आन, फोन लावला तवा सोडाच्या मनानंच लावला. बोलता बोलता मलेच पटलं, का मी येडा हाओ का?" त्यांनी भूषणच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात खरंच प्रेमाचा होता, हीच पंचाईत होती. "रागावू नको. सूनबाईले इकडं आन. भिलाईत दवाखाने कमी हायेत का? खोली मी पाहून देतो. अन् आता शिकवाचं बी बघू, शेठचा पोरगा बी विचारून राहिला, कोन शिकवते म्हनून."

राज्य वेगळं, सरकार वेगळं, नोकरी कायमची. हे भूषणनं ह्याआधी दहा वेळा सांगितलं होतं. अकराव्यांदा सांगायला तोंड उघडलं, तर भय्याजी शेठकडे वळलेसुद्धा होते.

नोकरी सोडून निघून जावं? जावं तर ढोमणे घेणार नाही, आणि ढोमणे घेणार नाही तर ह्या दोघांच्या ओळखीतला तिसराही घेणार नाही. आणि मग नागपूरला जाऊन बायकोच्या पगारावर बसावं आणि आम्रपालीला सांगावं, की पप्पा आता गाडीसुद्धा खेळत नाहीत.

विक्की धावत आला. घामानं निथळत, गाडी काखेत, गळ्यात पदक. आजवरचे सगळे कप त्यानं न लाजता घेतले होते, पण हे पदक तो सारखं हातानं चाचपत होता, खरंच आहे का म्हणून.

"भाऊ! देखा क्या? फिसली तो मैंने ब्रेक नहीं मारा! नाई मारला ना मी?"

"नाई मारला."

"पन ते मोठी उडी हाय ना, तिथं हवेत गाडीचं तोंड खाली जाऊन राहिलं होतं. दो बार नाक पे गिरी. तिथं का कराचं?"

भूषणच्या खिशात फोन वाजू लागला. सीमाच असणार, तिची ड्यूटी सुटायची हीच वेळ.

"हवेत ना," भूषण म्हणाला, आणि बोट आपोआप वर आलं. "तोंड खाली चाललं का हवेतच थोडा घोडा ओढ. मागची चाकं जोरात फिरली का तोंड वर उचलते. अन् जास्ती वर गेलं तं ब्रेकले शिव, खाली येते. पन थोडं. उतरताना चारी चाकं संग टेकली पायजे..."

फोन वाजत होता. वाक्य पूर्ण झाल्यावरच त्यानं तो कानाला लावला.

"का झालं?" सीमा विचारत होती. मागून आम्रपालीचा आवाज, "जिंकले का? जिंकले का?"

"तिसरा आला," भूषण म्हणाला.

सीमा आनंदानं ओरडली, इतक्या जोरात की विक्कीलाही ऐकू गेलं आणि त्यानं पदक फोनसमोर धरून वाजवलं.

"मंग त्या खोलीच्या मालकाले आत्ताच हो सांगू ना?" सीमा म्हणाली.